ओटीजी, घरचे ऑफिस आणि महिला विश्वचषक : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या मे महिन्यात मी 28 लिटरचा ओटीजी (ओव्हन, टोस्टर आणि ग्रिल एकत्र असलेला विजेवरचा छोटा ओव्हन) घेतला आणि आठ महिने तो सतत वापरल्यावर आज त्याच्याविषयी लिहितो आहे. खरेदीपूर्वी मी अनेक अभिप्राय वाचले होते, पण त्यांतले बहुतेक वस्तू घरी आल्यावर चार दिवसांत लिहिलेले होते. दिवसाचे आठ-नऊ तास घरातच संगणकासमोर बसून नोकरी करणाऱ्या माणसाला या यंत्रासाठी किती वेळा उठावे लागते, हे मला हवे होते आणि तेच कोणी सांगितले नव्हते. त्याचे उत्तर मला 30 सप्टेंबर ते 2 नोव्हेंबर 2025 या चौतीस दिवसांत, म्हणजे महिलांच्या एकदिवसीय विश्वचषकाच्या काळात मिळाले. आमचे घर सांगलीत आहे. स्मृती मानधना या गावची असल्यामुळे भारताचा सामना असला की आमच्या गल्लीत एकही टीव्ही बंद नसतो. सामने दुपारी तीनला सुरू होत, माझे हिशेब तपासण्याचे काम सकाळी दहा ते संध्याकाळी सात चाले, आणि याच काळात दिवाळीही आली. ओटीजीची इतकी कसून परीक्षा मी ठरवूनही घेतली नसती.

आधी यंत्राविषयी. हा 1500 वॅटचा आहे, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या लहान सॉकेटवर तो लावू नये. 16 अँपियरचा स्वतंत्र पॉइंट लागतो. आमच्याकडे तो नव्हता, तो काढून घेण्यात पहिला आठवडा गेला. वर आणि खाली तापणाऱ्या कांड्या आहेत, आत हवा फिरवणारा पंखा आहे, आणि तापमान, कांड्या व वेळ यांच्यासाठी तीन बटणे आहेत. विजेचा खर्च मला वाटला होता त्यापेक्षा कमी निघाला. ओव्हन तापवण्यापासून नऊ पावांची लादी बाहेर येईपर्यंत पाऊण ते एक युनिट जाते, कारण हवे ते तापमान गाठल्यावर कांड्या सतत पेटलेल्या राहत नाहीत.

तापमानाच्या बटणावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये, आणि या संपूर्ण लेखातले एकच वाक्य कोणी लक्षात ठेवणार असेल तर ते हेच असावे अशी माझी इच्छा आहे. पहिले तीन केक वरून छान दिसले आणि मध्ये ओले राहिले. दोष माझ्या मोजमापात आहे असे समजून मी पीठ बदलले, दही बदलले, साचासुद्धा बदलला. शेवटी जाळीवर टांगायचा साधा, काट्याचा ओव्हन थर्मामीटर आणला, तेव्हा कळले की बटण 180 वर असताना आत 155 ते 160 अंश आहेत. या जातीच्या ओव्हनमध्ये तापमान राखण्याचे काम दोन धातूंच्या जोडपट्टीकडे असते. ती तापून वाकली की विजेचा संपर्क तोडते आणि थंड झाली की पुन्हा जोडते. त्यामुळे आतले तापमान कधीच एका आकड्यावर स्थिर राहत नाही, वरखाली होत राहते, आणि पट्टी मुळातच थोडी इकडेतिकडे बसवलेली असेल तर तो फरक कायमचा राहतो. आता मी बटण 205 वर ठेवतो, वीस मिनिटे तापवतो आणि काटा 180 वर आल्याशिवाय साचा आत सरकवत नाही. याशिवाय मागचा उजवा कोपरा जास्त तापतो, म्हणून दोन तृतीयांश वेळ झाल्यावर ट्रे एकदा फिरवावा लागतो. हे एवढे सांभाळले तर यंत्र चोख काम देते.

वेळेचे बटण हा वेगळा विषय आहे. ते चावीच्या घड्याळासारखे स्प्रिंगवर चालते, जास्तीत जास्त साठ मिनिटांचे आहे, आणि दहा मिनिटांपेक्षा कमी वेळ लावायची असेल तर आधी पुढे फिरवून मग मागे आणावे लागते, नाहीतर ते मध्येच अडते. वेळ संपली की एकच ‘टिंग’ होते. 9 ऑक्टोबरच्या गुरुवारी, भारताचा दक्षिण आफ्रिकेशी सामना चालू असताना, मी कानाला हेडफोन लावून बैठकीत होतो आणि आत रव्याचा केक होता. ती घंटा मला ऐकूच आली नाही. घंटेबरोबर वीज तुटते म्हणून केक जळला नाही, पण बंद ओव्हनच्या उष्णतेत तो आणखी पंचवीस मिनिटे राहिला आणि कडेने बिस्किटासारखा कोरडा झाला. त्या सामन्यात रिचा घोषने 94 धावा केल्या आणि तरी दक्षिण आफ्रिका तीन गडी राखून जिंकली. केकचा मधला भाग आईने चहाबरोबर वाटला. त्या दिवसापासून मी मोबाइलवर घंटा लावतो आणि तो हेडफोनलाच जोडलेला ठेवतो.

दुसरा धडा 19 तारखेला मिळाला. रविवार होता, दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. आमच्या आईच्या पिढीत नानकटाई घरी भाजत नसत. रवा, मैदा, तूप, साखर आणि पत्र्याचे रिकामे डबे घेऊन बेकरीत जायचे, नंबर लावायचा, आणि भट्टीतून निघालेल्या नानकटायांनी डबे भरून संध्याकाळी घरी आणायचे. त्या रांगेत तिने कितीतरी दिवाळ्या काढल्या आहेत, म्हणून या वर्षीची नानकटाई घरच्या भट्टीत व्हावी असे मला मनापासून वाटत होते. दोनशे ग्रॅम मैदा, पन्नास ग्रॅम बेसन, दीडशे ग्रॅम तूप, सव्वाशे ग्रॅम पिठीसाखर आणि वेलदोड्याची पूड असे तिचेच प्रमाण होते. तूप आणि साखर तिने परातीत तळहाताने फेसली. पांढरे होऊन त्याचा थेंब पाण्याच्या वाटीत टाकल्यावर तरंगला, तेव्हाच तिने मला मैदा घालू दिला. पहिला ट्रे निघाला तेव्हा प्रत्येक नानकटाईला वर नीट भेगा पडलेल्या होत्या आणि बूड फिक्या बदामी रंगाचे होते. दुसरा ट्रे आत गेला आणि पाच मिनिटांत वीज गेली.

इंदूरला भारत इंग्लंडच्या 288 धावांचा पाठलाग करत होता. टीव्ही बंद पडल्यावर मी मोबाइलवर धावफलक पाहू लागलो आणि ओव्हनकडे लक्ष गेलेच नाही, कारण त्याची टिकटिक चालूच होती. स्प्रिंगवर चालणाऱ्या घड्याळाला वीज लागत नाही. कांड्या थंड, आतला दिवा विझलेला, आणि घड्याळ मात्र मिनिटे मोजते आहे! ते वाजले तेव्हा आत अर्ध्या कच्च्या, तूप सुटून पसरलेल्या चकत्या होत्या. वीज आल्यावर त्या पुन्हा भाजल्या, खाण्यालायक झाल्या, पण त्यांचा खुसखुशीतपणा गेला तो गेलाच. स्मृती 88 वर बाद झाली आणि सामना चार धावांनी गेला. आईने चांगल्या नानकटाया पाहुण्यांसाठी वेगळ्या डब्यात भरल्या आणि ‘‘भट्टीवाल्याच्याही सगळ्याच चांगल्या निघायच्या नाहीत,’’ असे म्हणून उरलेल्या आमच्यासाठी ठेवल्या. ज्यांच्या भागात वीज वरचेवर जाते त्यांनी हा मुद्दा गंभीरपणे घ्यावा: वीज गेली की घड्याळावर किती मिनिटे उरली आहेत ते ताबडतोब पाहून ठेवायचे आणि वीज परत आल्यावर आतले तापमान बघून तेवढी वेळ नव्याने लावायची.

या दोन प्रसंगांनंतर मी पदार्थांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. कोणता पदार्थ वाट पाहतो आणि कोणता पाहत नाही, हा घरून काम करणाऱ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. दही आणि खाण्याचा सोडा घातलेले केकचे मिश्रण अजिबात थांबत नाही. दोन्ही एकत्र आले की त्याच क्षणी वायू सुटू लागतो, आणि पंधरा मिनिटांचा फोन आला तर तेवढी फूग निघून जाते. म्हणून कामाच्या वेळेत सोड्याचा केक करू नये, असे मी अनुभवाने सांगतो. नानकटाईचा गोळा तासभर सहज थांबतो. आणि ज्याला सगळे वेळखाऊ समजतात तो पावच सर्वांत समंजस निघाला. त्याला एकूण चार तास लागतात हे खरे, पण त्यांत माझा हात लागतो तो मळताना बारा मिनिटे आणि गोळे वळताना दहा मिनिटे. बाकीचे काम यीस्ट करते, आणि घाईच्या वेळी तो गोळा फ्रीजमध्ये ठेवला की तेही जवळजवळ थांबते.

माझे वेळापत्रक यावरून बसले. तीनशे ग्रॅम मैदा, दूध-पाणी मिळून दोनशे मिलिलिटर, पाच ग्रॅम कोरडे यीस्ट, पाच ग्रॅम मीठ, पंधरा ग्रॅम साखर आणि पंचवीस ग्रॅम लोणी. याचे साधारण साठ-साठ ग्रॅमचे नऊ गोळे होतात आणि आठ इंची चौकोनी साच्यात बरोबर बसतात. भारताच्या सामन्याच्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत दोन वाजता मळायचे, गोळा फ्रीजमध्ये ठेवायचा, साडेचारच्या चहाला बाहेर काढून वळायचे, आणि सव्वासहाच्या सुमारास पहिला डाव संपला की तापलेल्या ओव्हनमध्ये लादी सरकवायची. डावांमधल्या विश्रांतीत पाव भाजून होतात. ऑफिसचे एकही काम त्यामुळे अडले नाही, हे मी जबाबदारीने सांगतो.

23 ऑक्टोबरला भाऊबीज होती आणि ताई माहेरी आली होती. त्या दिवशी नवी मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध स्मृतीने 109 आणि प्रतिका रावलने 122 धावा केल्या, दोघींची सलामीची भागी 212 धावांची झाली. सलग तीन पराभवांनंतरचा तो सामना होता आणि उपांत्य फेरी त्यावरच ठरायची होती. ओवाळून झाल्यावर दोन लाद्या एकामागून एक भाजल्या. एकाच वेळी दोन जाळ्यांवर दोन लाद्या ठेवण्याचा प्रयोग मी आधी करून पाहिला होता. पंखा असूनही खालची फिकी राहते. तेव्हा चार-पाच माणसांपेक्षा मोठ्या कुटुंबाला 28 लिटर अपुरे पडतील.

उपांत्य सामन्याच्या गुरुवारी, 30 ऑक्टोबरला, महिनाअखेरचे काम असल्यामुळे मी टीव्ही दुसऱ्या खोलीत, आईच्या ताब्यात ठेवला होता. ऑस्ट्रेलियाने 338 केल्या तेव्हा तिने दारात येऊन फक्त मान हलवली. याच ऑस्ट्रेलियाने 12 तारखेला विशाखापट्टणमला आपल्याविरुद्ध 331 धावांचा विक्रमी पाठलाग केला होता. काम संपवून मी सात वाजता उठलो आणि पुढे जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद 127 धावा आणि हरमनप्रीतच्या 89 धावा पाहिल्या. त्या रात्री पाव वेळेवर झाले होते, पण भारत नऊ चेंडू राखून जिंकेपर्यंत ते कापडाखाली तसेच होते. थंड पाव ओव्हनमध्ये 150 अंशांवर पाच मिनिटे, वर पाण्याचा हात फिरवून ठेवला, की पुन्हा मऊ होतो.

अंतिम सामन्याच्या दिवशी पावसाने वेळापत्रक मोडले. तीनचा सामना पाचला सुरू झाला, आणि माझा गोळा बाहेर, फुगत होता. नोव्हेंबर लागला तरी उकाडा होता. बोट दाबले तर खळगा भरून येत नव्हता, म्हणजे पीठ जास्त फुगण्याच्या बेतात आले होते. मी ते हलक्या हाताने दाबून हवा काढली, पुन्हा गोळा केला आणि फ्रीजमध्ये ठेवला. महिनाभरापूर्वी मी ते पीठ टाकून दिले असते. साडेसातला वळले, भारताच्या 298 धावा झाल्यावर लादी आत गेली, आणि दुसऱ्या डावाच्या पहिल्या षटकांत आम्ही मिसळ-पाव खाल्ला. पोटे भरली होती, तरी दक्षिण आफ्रिकेची लॉरा वोल्वार्डट शतकाकडे जाऊ लागली तसे कोणी बोलेना. अमनजोतच्या हातात तिचा झेल दोनदा उडून तिसऱ्यांदा बसला तेव्हा आई उभी राहिली होती. मध्यरात्रीच्या सुमारास दीप्ती शर्माच्या चेंडूवर हरमनप्रीतने मागे धावत शेवटचा झेल घेतला, गल्लीत उरलेले दिवाळीचे फटाके वाजू लागले, आणि शेजारच्या काकू त्या वेळी दार वाजवून ‘‘पाव आहेत का रे अजून?’’ असे विचारत आल्या. चार होते.

त्यानंतर डिसेंबरमध्ये वेळेचे बटण सैल झाले. कंपनीच्या सेवा केंद्राकडे तक्रार नोंदवल्यापासून माणूस येईपर्यंत सतरा दिवस गेले, आणि दोनदा दिलेली वेळ न कळवता चुकवली गेली. हमीच्या मुदतीत असलेल्या वस्तूला अशी सेवा मिळणे मला योग्य वाटत नाही. दुरुस्ती मात्र व्यवस्थित झाली. बटणांवरचे आकडे पुसट होऊ लागले आहेत, त्यावर मी नेलपॉलिशचे ठिपके दिले आहेत. काच, जाळी आणि चुऱ्याचा ट्रे अजून नवे असल्यासारखे आहेत, कारण प्रत्येक वापरानंतर ओव्हन कोमट असतानाच ओल्या फडक्याने पुसतो.

आता जानेवारीच्या थंडीत तोच गोळा फुगायला तासाऐवजी दोन तास घेतो, म्हणून तो मी बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याच्या वाटीशेजारी ठेवतो. आईने बेकरीचे पत्र्याचे दोन डबे माळ्यावरून काढून घासून ठेवले आहेत. संक्रांतीच्या आधी तिला ताईसाठी एक भरून पाठवायचा आहे.