ग्रामपंचायतीचा विवाह दाखला अमेरिकेत चालावा म्हणून: पुण्यातील एका भाषांतर कार्यालयाविषयी

५ फेब्रुवारी २०२३ रोजी सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी माझे लग्न झाले आणि पुढच्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत त्याची नोंद झाली. मी अमेरिकेची नागरिक आहे, न्यू जर्सीत राहते, आणि पतीला इकडे आणण्यासाठी आय-१३० हा अर्ज मलाच करायचा होता. त्या अर्जाचा सगळा भार लग्नाच्या दाखल्यावर असतो. लग्न जिथे लागले तिथल्या कायद्याने ते वैध असेल, तर अमेरिकेचे स्थलांतर खातेही सर्वसाधारणपणे ते वैध धरते. त्यामुळे महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी अधिनियमाखाली निबंधक या नात्याने ग्रामसेवकांनी सही-शिक्क्यानिशी दिलेला ‘नमुना ई’ हा विवाह दाखला तिथे ग्राह्य असतो. आमचा दाखला मात्र संपूर्ण मराठीत होता आणि त्यातील रिकाम्या जागा निळ्या शाईने, घाईघाईच्या अक्षरात भरलेल्या होत्या.

या दाखल्याचे भाषांतर मी दोनदा करून घेतले. हा अभिप्राय दुसऱ्या वेळच्या कामाबद्दल, म्हणजे पुण्यात शिवाजीनगर न्यायालयाजवळ एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर चालणाऱ्या छोट्या भाषांतर कार्यालयाबद्दल आहे. तेथे एक बाई एकट्याच काम पाहतात, आणि अंगावर पेलवेल तेवढेच काम घ्यायचे असल्याने नाव जाहीर करू नका, असे त्यांनी मला स्पष्टपणे सांगितले आहे. त्यांचे काम चांगले का वाटले, हे कळण्यासाठी पहिल्या वेळी काय बिघडले ते आधी सांगावे लागेल.

अमेरिकेच्या स्थलांतरविषयक नियमावलीतील कलम १०३.२ (ब)(३) याबाबत फार थोडक्यात बोलते. परभाषेतील प्रत्येक कागदासोबत त्याचे पूर्ण इंग्रजी भाषांतर हवे, आणि ते संपूर्ण व अचूक असल्याचे, तसेच त्या भाषेतून इंग्रजीत भाषांतर करण्यास आपण सक्षम असल्याचे भाषांतरकाराने स्वतः लिहून द्यायला हवे. नोटरीची अट त्यात नाही, अपोस्टिलची (म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकार त्याला जोडते त्या प्रमाणपत्राची) नाही, सरकारमान्य भाषांतरकाराचीही नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. एका एजंटाने भाषांतर, नोटरी आणि अपोस्टिल असे सगळे एकत्र करून देण्याचे ठरवले, त्याचे भरपूर पैसे घेतले आणि लाल फीत बांधलेला, शिक्क्यांनी भरलेला एक देखणा कागद माझ्या भावाच्या हाती ठेवला. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे आणि काही देशांच्या कामासाठी ते खरोखर लागते; आय-१३० साठी मात्र त्यावर खर्च केलेला प्रत्येक रुपया वाया गेला. त्याहून वाईट म्हणजे एवढ्या शिक्क्यांच्या गर्दीत भाषांतरकाराचे ते दोन ओळींचे निवेदनच नव्हते.

भाषांतरही वाचवत नव्हते. ‘यांचा विवाह विधिसंपन्न झाला’ या दाखल्यातील मुख्य वाक्याचे इंग्रजीत ‘प्रोसेस कम्प्लीटेड’ असे झाले होते, जणू आम्ही गॅसजोडणीच घेतली होती. ‘नोंदवहीच्या खंड क्रमांक’ यातील खंडाचा ‘पीस’ झाला होता. खालचा गोल शिक्का, ग्रामसेवकांची सही आणि डाव्या समासातील एक छोटी नोंद यांचा उल्लेखच नव्हता. ती समासातील नोंद महत्त्वाची होती, कारण नोंदवहीतील अनुक्रमांक लिहिताना ग्रामसेवकांकडून एक आकडा चुकला होता, तो त्यांनी गिरवून दुरुस्त केला होता आणि शेजारी आद्याक्षरे करून तारीख टाकली होती. मी ऑगस्ट २०२३ मध्ये अर्ज भरला आणि मार्च २०२४ मध्ये अधिक पुराव्याची मागणी करणारी नोटीस आली. दाखल्याचे पूर्ण भाषांतर भाषांतरकाराच्या प्रमाणपत्रासह सादर करा, असे तीत म्हटले होते आणि उत्तरासाठी ८७ दिवसांची मुदत दिली होती. पती साताऱ्यात आणि मी इकडे, अशा अवस्थेत ती नोटीस हातात घेऊन मी त्या रात्री बराच वेळ स्वयंपाकघरात नुसती बसून होते.

पुण्यातील बाईंशी माझे पहिले बोलणे फोनवर झाले. त्यांनी प्रथम दाखल्याचा दोन्ही बाजूंचा स्वच्छ स्कॅन मागितला, मग आम्हा दोघांच्या पासपोर्टांच्या प्रती, आणि मूळ कागद एकदा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आपण सही करत नाही, असे सांगितले. माझा भाऊ मूळ दाखला घेऊन गेला, तेव्हा त्यांनी तो खिडकीपाशी उजेडात धरून समासातील आद्याक्षरे लावली. “ताई, कागदावर आहे ते सगळं जसंच्या तसं येऊ द्यायचं, खाडाखोडसुद्धा,” असे त्या मला नंतर फोनवर म्हणाल्या. “दुरुस्ती करायची तर ती निबंधकांनी करायची. मी केली तर तो दाखला तुमचा राहत नाही.”

त्यांच्या भाषांतरात ‘विधिसंपन्न’साठी ‘सॉलेम्नाइज्ड’ हा कायद्यातला नेमका शब्द होता आणि ‘खंड’ साठी ‘व्हॉल्यूम’. गोल शिक्का जिथे होता, तिथेच चौकटी कंसात ‘रबरी शिक्का’ असे लिहून आतील मजकूर दिला होता. गिरवलेल्या आकड्याच्या जागी तसा स्पष्ट उल्लेख होता आणि मागची बाजू कोरी आहे, हेही नोंदवले होते. मूळ कागदातील ओळींची मांडणी त्यांनी इतकी जपली होती की दोन्ही कागद शेजारी ठेवले, तर मराठी न येणाऱ्या माणसालाही कोणती ओळ कोणाची ते बोटाने दाखवता यावे. एखाद्या कामातली ही काळजी पाहिली की मन भरून येते.

सर्वांत मोलाची ठरली ती तारीख. दाखल्यावर ०५/०२/२०२३ असे होते. आपण ते ५ फेब्रुवारी वाचतो, अमेरिकेत तेच २ मे होते. पहिल्या भाषांतरात आकडे जसेच्या तसे उतरवले होते. बाईंनी महिना अक्षरांत लिहिला आणि मूळ तारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमाने असल्याची टीप खाली जोडली. एवढ्याशा टिपेचे वजन मला वर्षभराने कळले. लग्नाला दोन वर्षे पूर्ण होण्याआधी जोडीदार अमेरिकेत प्रवेश करतो, तेव्हा त्याला दोनच वर्षांचे, अटींसह ग्रीन कार्ड मिळते आणि त्या अटी काढण्यासाठी मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा वेगळा अर्ज भरावा लागतो. माझे पती मार्च २०२५ मध्ये येथे उतरले. ५ फेब्रुवारी धरली तर दोन वर्षे पुरी झाली होती, २ मे धरली तर नव्हती. त्यांना दहा वर्षांचे कार्ड मिळाले.

नावांच्या बाबतीतही त्यांनी अशीच दक्षता घेतली. देवनागरीतून रोमन लिपीत जाताना एकाच नावाची तीन रूपे होऊ शकतात. ‘पूजा’ कोणी दोन ‘ओ’ घालून लिहिते, तर कोणी ‘यू’ने. त्यांनी आम्हा दोघांची नावे पासपोर्टप्रमाणे लिहिली आणि तसे केल्याचे टिपेत सांगितले. दाखल्यात माझ्या नावामध्ये वडिलांचे नाव आहे, अमेरिकी पासपोर्टवर ते नाही. ते त्यांनी गाळले नाही, पण मधले नाव वडिलांचे असण्याची आपली रीत अधिकाऱ्याला ठाऊक असेलच असे नाही, म्हणून उत्तराच्या पत्रात त्याचा खुलासा करा, असे सुचवले. मी चार ओळींत तो केला. जूनमध्ये अर्ज मंजूर झाला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीत पतीची मुलाखत झाली. तिथे मूळ दाखला न्यावाच लागतो. अधिकाऱ्याने तो आणि भाषांतर शेजारी ठेवून पाहिले, गिरवलेल्या आकड्यापाशी क्षणभर थांबून टीप वाचली आणि लग्नाला कोण कोण आले होते या प्रश्नाकडे वळला.

उणिवाही सांगायला हव्यात. बाईंचा स्कॅनर जुना आहे. त्यांनी पाठवलेली फाइल इतकी मोठी होती की ऑनलाइन खात्यातील १२ एमबीच्या मर्यादेत बसवायला मला ती दोनदा लहान करावी लागली. परदेशी कार्डाने पैसे भरण्याची सोय नाही, त्यामुळे भावाने यूपीआयने भरले. फोन त्या फक्त सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच घेतात, म्हणजे न्यू जर्सीहून बोलायचे तर रात्री उशिरापर्यंत जागणे आले. चार दिवस सांगून त्यांनी सहा दिवस घेतले, आणि मुदत डोक्यावर असताना ते दोन दिवस मला फार जड गेले. उशीर होणार हे त्यांनी आधी कळवायला हवे होते. मात्र दोन पानांच्या कामाचे त्यांनी सोळाशे रुपये घेतले, आणि नोटरी हवी का असे मी विचारल्यावर या कामाला ती लागत नाही, असे सांगून तो खर्च टाळला.

माझ्या एका मैत्रिणीचे हे दुसरे लग्न आहे आणि तिला नव्या दाखल्याबरोबर पहिल्या लग्नाच्या घटस्फोटाचा हुकूमनामाही जोडायचा आहे. तिने गेल्या महिन्यात त्याच कार्यालयात विचारणा केली. चौदा पानांचे काम आहे, तीन आठवडे लागतील आणि साधी झेरॉक्स चालणार नाही, न्यायालयातून शिक्क्याची नक्कल काढून आणा, असे बाईंनी पहिल्याच फोनवर तिला सांगितले.