सोसायटीसाठी एईडी यंत्र की सीपीआरचे प्रशिक्षण?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका सोसायटीला शिल्लक निधीतून हृदयाला विजेचा झटका देणारे एईडी यंत्र घ्यावे की रहिवाशांना सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून रक्त फिरते ठेवण्याची पद्धत, शिकवावी, असा प्रश्न पडला आहे. यंत्राचा खर्च साधारण लाखाच्या आसपास जातो, शिवाय पॅड आणि बॅटरी मुदतीने बदलाव्या लागतात; प्रशिक्षण स्वस्त पडते, पण उजळणी हवी. हृदय आकुंचन न पावता नुसते थरथरत असेल, तर ती लय झटक्यानेच मोडते. मात्र यंत्र येईपर्यंत छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दिलेले दाबच मेंदूला रक्त पुरवतात, आणि झटक्यानंतरही ते लगेच सुरू ठेवावे लागतात. म्हणून लहान इमारतीने आधी प्रशिक्षण घ्यावे. कुस्तीची तालीम, मंगल कार्यालय किंवा ज्येष्ठांची मोठी वस्ती असेल, तिथे यंत्रही हवेच. १०८ ला फोन मात्र दोन्हीकडे पहिल्याच क्षणी करावा.