दादरची गर्दी: स्लो शटर की लांब लेन्स?

एका मैत्रिणीने विचारलं, दादरच्या फूल बाजारात फोटो काढायचेत, गर्दी तर दिसते पण लगबग वाटतच नाही, काय करू? मी दोन्ही प्रकार करून बघितलेत म्हणून सांगते.

स्लो शटर म्हणजे कॅमेऱ्याचं शटर जास्त वेळ, १/८ ते १/४ सेकंद, उघडं ठेवायचं. माणसं पुसट होतात, पण फ्रेममध्ये काहीतरी स्थिर लागतंच, नाहीतर नुसता चिखल दिसतो. माझा जमलेला एकच फोटो केशवसुत पुलाखालचा, मावशी मान खाली घालून झेंडूची माळ ओवतायत, सुई अगदी स्पष्ट आणि भोवतीने पाट्या घेतलेले हमाल नुसते रेघांसारखे वाहतायत! पहाटे उजेड कमी म्हणून फिल्टर लागत नाही, उन्हात मात्र एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी गडद काच, घ्यावाच लागतो. ट्रायपॉड नकोच, लोकांच्या पायात येतो, खांबाला टेकून उभं राहायचं. वीसातला एखादा फोटो बरा येतो.

लांब लेन्स म्हणजे दूरचं जवळ दाखवणारी, १३५ ते २०० एमएमची, फोटो लांबून आणि थोडं उंचावरून काढायचा. मागची पुढची डोकी एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात, रस्ता गच्च वाटतो. मेहनत कमी पण लेन्स महाग आणि जड, शिवाय सगळे जागच्या जागी थिजल्यासारखे दिसतात, तिथला घाईचा धक्का काही जाणवत नाही.

किती माणसं आहेत ते दाखवायचं असेल, म्हणजे सणाआधीची रानडे रोडची खरेदी वगैरे, तर लांब लेन्स. लगबग हवी असेल आणि खर्च नको असेल तर स्लो शटर, फोनच्या प्रो मोडमध्येही (जिथे शटरचा वेळ आपण ठरवतो) होतं. मैत्रिणीला मी तेच सांगितलंय, पहाटे पाचला जा.