मिशनची शाळा की संस्कारांची? दोन्हीकडे मुलं घातलेल्या बापाचा अनुभव

आम्ही नागपूरचे. थोरली सदर भागाच्या बाजूला मिशनच्या शाळेत, धाकटा महाल भागातल्या एका संस्थेच्या विनाअनुदानित सेमी-इंग्रजी शाळेत. फी, निकाल, बसची चौकशी तुम्ही केलीच असेल. मी सांगतोय ते दप्तरासोबत घरात काय येतं त्याबद्दल.

आधी प्रार्थनेची भीती. मुलगी पहिलीत असताना जेवणाआधी डोळे मिटून इंग्रजी प्रार्थना म्हणायची, तेव्हा आमची आई धास्तावली. तिसरीपर्यंत ते आपोआप सुटलं. धाकट्याला गीतेचा १५वा अध्याय पाठ झाला, आजी सुखावली. माझ्यापुरतं म्हणतो, घरातल्या देवघराचा ठसा शाळेच्या प्रार्थनेपेक्षा खोल असतो. तरी राज्यघटनेचं कलम २८ माहीत असू द्या : मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. आम्हाला मात्र दोन्हीकडे कुणी विचारलं नाही.

मिशनच्या शाळेत मेंदी लावली की बोलणी बसतात आणि मराठी दुय्यम ठरते, हे मला अजून खुपतं. शेजारी कोण बसतं या बाबतीत तर महालची शाळा सरस वाटली. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांवरची मुलं तिथे वर्गात होती. मिशनसारख्या अल्पसंख्याक संस्थांना ती अट नाही. धाकट्याचा जिवलग दोस्त अशाच जागेवर आलेला, बौद्ध घरातला.

आणि त्या दोस्तापायीच आमचा निर्णय झाला. चौथीत ‘दसरा’ या विषयावर निबंध होता. धाकट्याने लिहिलं, आम्ही आपट्याची पानं वाटतो आणि माझा मित्र पांढरे कपडे घालून आजीसोबत दीक्षाभूमीवर जातो. त्या ओळींवर लाल शाईची काट आणि बाजूला शेरा : ‘विषयांतर’. मी भेटायला गेलो. बाई प्रेमळ होत्या, मनात आकस नव्हता. ‘सण एवढाच लिहायचा होता,’ म्हणाल्या. अहो, १९२५ची संघाची स्थापना विजयादशमीची, १९५६चं धम्मदीक्षेचं पर्वही विजयादशमीचं. नागपुरात त्या दिवशी एका रस्त्याने संचलन जातं आणि दुसऱ्याने निळे झेंडे. पोराने डोळ्यांनी पाहिलेलं विषयांतर कसं? नंतर आठवडाभर तो मला विचारत होता, मित्राचा दसरा चुकीचा आहे का?

त्याच सुमारास थोरलीने हाच प्रश्न वर्गात मूल्यशिक्षणाच्या तासाला विचारला होता. सिस्टरांनी स्वतः उत्तर दिलं नाही. वर्गातल्या एका मुलीला उभं केलं, आणि तिने १४ ऑक्टोबर १९५६ला आपले पणजोबा दीक्षाभूमीवर होते ते सगळं सांगितलं.

एका बाईंवरून अख्खी शाळा जोखू नये, हे मान्य. तुमच्या भागातली संस्था वेगळी असेलही. आम्ही पाचवीला धाकट्याला बहिणीच्या शाळेत घातलं. मराठी मी रोज रात्री घरी वाचून घेतो, आणि दोस्त रविवारी येतो. तुम्ही शाळा पाहायला जाल तेव्हा प्रयोगशाळा नंतर बघा. आधी चौथीच्या निबंधाच्या दोन-चार वह्या मागा आणि लाल शाई कुठे पडली आहे ते वाचा.