तावदानावरच्या चित्रांचा तयार नमुनासंच : वापरून पाहिल्यानंतर

आमच्या जिन्यात पश्चिमेकडे एक मोठी खिडकी आहे. तिच्या तावदानांवर ॲक्रिलिक रंगांनी चित्र काढायचे ठरले, तेव्हा डिझाईन निवडणे सोपे जावे म्हणून मी रंगांच्या दुकानातून एक तयार नमुनासंच आणला. त्यात १२ नमुने आणि १२ रंगांच्या ट्यूब आहेत. रंगांबद्दल माझी तक्रार नाही. ते दाट आहेत आणि लवकर वाळतात. नमुने मात्र बहुतांशी कागदाचा विचार करून काढलेले आहेत, खिडकीचा नव्हे.

कागदावर उजेड समोरून पडतो, तर खिडकीत तो दिवसभर चित्राच्या मागून येतो, आणि हा फरक नमुना काढणाऱ्याने लक्षातच घेतलेला नाही. मी सर्वांत आधी निवडला तो मोर. निळ्या-हिरव्या छटा उठून दिसाव्यात म्हणून सूचनेप्रमाणे त्याखाली पांढऱ्याचा थर दिला; पण पांढरा रंग अपारदर्शक असल्याने दुपारी उन्हात पिसाऱ्याच्या जागी केवळ काळपट डाग दिसू लागला. तीन संध्याकाळी खर्चून काढलेले ते चित्र कोमट पाण्याने भिजवून ब्लेडने खरवडताना फार वाईट वाटले.

त्यानंतर निवडलेला वारली तारपानृत्याचा नमुना मात्र मनापासून आवडला. दोन त्रिकोण, डोक्याचे वर्तुळ आणि हातापायांच्या रेषा एवढ्यावर उभी राहणारी ही माणसे छटांवर अवलंबून नसतात. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जाणारी ही आकृती केवळ आकारावरून ओळखू येते. त्यामुळे ती दिवसा काचेवर सावलीसारखी गडद दिसते आणि रात्री घरातला दिवा लावला की पांढरीशुभ्र दिसते. नर्तकांच्या मधल्या रिकाम्या जागेतून उजेडही येत राहतो, आणि जिन्यात तो हवाच असतो.

संचातील ‘सुस्वागतम्’चा नमुना आतून रंगवल्यास बाहेरून उलटा वाचला जातो, याची सूचना कुठेही नाही. काच केवळ पाण्याने पुसावी, हा सल्लाही अपुरा आहे; बोटांचा तेलकटपणा स्पिरिटने काढला नाही, तर रंग नीट धरत नाही आणि त्याचे पापुद्रे सुटतात. रंग पातळ करायचा झाल्यास पाण्याऐवजी ॲक्रिलिक मीडियम घ्यावे, कारण जास्त पाणी घातलेला रंग काचेवर थेंबाथेंबांनी गोळा होतो.

वारली आणि ठिपक्यांच्या रांगोळीचे असे चारच नमुने खिडकीसाठी उपयोगी ठरतात, म्हणून मी या संचाला ५ पैकी ३ गुण देते. ज्यांनी तो आधीच घेतला आहे, त्यांनी आवडलेली आकृती साध्या कागदावर उतरवून पूर्ण काळी भरावी, कापून एक दिवस काचेला चिकटवून ठेवावी आणि जिन्याच्या खालच्या पायरीवरून ती ओळखू येत असेल, तरच ब्रश हातात घ्यावा.