पेन ड्राइव्ह आपला, कुलूप त्यांचं

सीए, सीएस किंवा दुसऱ्या कुठल्या परीक्षेसाठी पेन ड्राइव्हमधले क्लास, म्हणजे पेन ड्राइव्हवर विकली जाणारी रेकॉर्ड केलेली लेक्चर्स, घेणार असाल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमच्या घरातून साडेअकरा हजार रुपये गेले आणि मुलीचा एक अटेम्प्ट गेला. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण आता ग्राहक आयोगात आहे. आणि नाव कळून तरी काय? या धंद्याची पद्धत बहुतेक ठिकाणी सारखीच.

मुलगी सीए इंटरला. इंटरची परीक्षा हल्ली वर्षातून तीनदा होते: जानेवारी, मे आणि सप्टेंबर. तिचं सप्टेंबरचं ठरलं होतं. कॉलेजमुळे बॅचच्या वेळा जुळेनात, म्हणून नागपुरात बर्डीवरच्या एका डीलरकडे चौकशी केली. माणूस बोलायला गोड. "ताई, एकदा घेतलं का तुमचंच. परीक्षा होईपर्यंत बिनधास्त पाहा." मी मुद्दाम विचारलं, लॅपटॉप बदलावा लागला तर? "एक फोन मारा, आपले पोरं करून देतील. त्याचे काही पैसे नाही." माहितीपत्रकावर छापलं होतं: दोन व्ह्यूज (प्रत्येक लेक्चर दोनदा पाहायचं), अठरा महिने व्हॅलिडिटी. लॅपटॉपबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

पेन ड्राइव्ह घरी आणला. त्यातल्या फाइल दिसतात, कॉपीही होतात, पण उघडत नाहीत. क्लास काढणाऱ्या कंपनीचा प्लेयर, म्हणजे व्हिडिओ चालवायचा प्रोग्राम, टाकावा लागतो, आणि तो टाकण्याआधी अँटीव्हायरस बंद करा असं सांगितलं जातं. मग कंपनीचा माणूस एनीडेस्कवरून (दुरून दुसऱ्याचा संगणक चालवायचं ॲप) आपल्या लॅपटॉपमध्ये शिरतो आणि 'की', म्हणजे कुलूप उघडणारा कोड, टाकतो. हे चालू असताना समोर बसून राहा. आमच्या लॅपटॉपवर बँकेचं पान उघडं राहिलं होतं, ते मी घाईघाईने बंद केलं.

ती की लॅपटॉपच्या हार्डवेअरला बांधलेली असते, म्हणजे मदरबोर्ड, हार्ड डिस्क वगैरेंच्या नंबरांना. प्लेयर दर वेळी ते नंबर ताडून पाहतो, मधूनमधून इंटरनेटवर कंपनीच्या सर्व्हरलाही विचारतो आणि मगच फाइल उघडतो. व्हिडिओ चालू असताना मुलीचं नाव आणि मोबाइल नंबर पांढऱ्या अक्षरांत पडद्यावर फिरत राहतात. का, तर कोणी चित्रीकरण केलंच तर चोर ओळखता यावा. ठीक आहे. पण कॅश फ्लोचं गणित चालू असताना तो नंबर नेमका आकड्यांवर येऊन थांबायचा आणि पोरगी तो सरकायची वाट पाहत बसायची. मागे जाऊन पुन्हा पाहावं, तर ती मिनिटंही मोजली जायची. उन्हाळ्यात लाइट गेली की वायफाय जायचं, प्लेयर बंद पडायचा, आणि अर्धवट पाहिलेल्या लेक्चरचा एक व्ह्यू संपलेला दिसायचा. 'दोन व्ह्यूज'चा खरा अर्थ असा घरी आल्यावर कळतो.

ऐन मेच्या उन्हात लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. दुरुस्तीवाल्याने नवा टाकून दिला, बाकी सगळं जिथल्या तिथे होतं. प्लेयर उघडला तर संदेश: हे डिव्हाइस नोंदणीकृत नाही. डीलरला फोन केला, तर तो म्हणाला, "आमचं काम विकायचं, ताई. की कंपनीच्या हातात राहते." कंपनीच्या हेल्पलाइनवर सांगितलं, साडेतीन हजार भरा. एकदा घेतलं की तुमचंच असं सांगून विकलेल्या वस्तूसाठी हे साडेतीन हजार कसले, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. वाद घालण्यात जून गेला. जुलैत कळलं की कंपनीने नवं ॲप काढलं आहे, जुन्या प्लेयरच्या की यापुढे मिळणार नाहीत आणि नव्या ॲपसाठी नवी बॅच घ्यावी लागेल. पेन ड्राइव्ह आमच्या टेबलावर, फाइल त्यात जशाच्या तशा, पैसे पूर्ण भरलेले, आणि एक मिनिटही पाहता येत नाही. ऑगस्टभर पोरीने उसन्या नोट्सवर अभ्यास केला. इंटरच्या विषयांचे दोन ग्रुप असतात, त्यातला एक राहिलाच.

आता खरी चीड आणणारी गोष्ट. हीच लेक्चर्स, याच सरांची, तिच्या वर्गातल्या एका मुलाकडे टेलिग्रामवरून आलेली होती. त्यात ना की, ना व्ह्यूजची मोजदाद, ना फिरणारा नंबर. कोणीतरी पडद्यावरचं चित्र सरळ रेकॉर्ड करून घेतलं होतं. जे डोळ्यांना दिसतं ते कॅमेऱ्यालाही दिसतं. त्यावर कुलूप घालायची सोय अजून कोणाला सापडलेली नाही. म्हणजे फुकट्याचा अभ्यास सुरळीत, आणि पैसे मोजणारा हेल्पलाइनच्या गाण्यावर ताटकळत. म्हणून टेलिग्रामकडे वळू नका. तिथेही लुटारू बसलेत. आमच्या शेजारच्या मुलाने 'अनलॉक्ड फुल कोर्स'साठी यूपीआयने सातशे रुपये पाठवले. चार लेक्चर्स आली आणि समोरच्याने ब्लॉक केलं. असं झालं तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

हे सगळं नवं नाही, हे नंतर वाचताना समजलं. 2005 मध्ये सोनी बीएमजीने गाण्यांच्या सीडीत कॉपी रोखणारा प्रोग्राम लपवून घातला होता. तो लोकांच्या संगणकात गुपचूप दडून बसायचा, आणि त्याच्या आडोशाने व्हायरसलाही जागा मिळाली. बोभाटा झाल्यावर कंपनीला त्या सीडी परत मागवाव्या लागल्या. अँटीव्हायरस बंद करायला सांगणारे आपले क्लासवाले त्याच जातकुळीतले. मायक्रोसॉफ्टने 2008 मध्ये जाहीर केलं की बंद केलेल्या म्युझिक स्टोअरच्या गाण्यांसाठी नव्या की देणार नाही. आरडाओरडा झाल्यावर 2011 पर्यंत मुदत वाढवली. 2019 मध्ये त्यांचं ई-बुकचं दुकान बंद झालं तेव्हा विकलेली पुस्तकं वाचता येईनाशी झाली. मात्र तेव्हा पैसे परत दिले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. आमच्या डीलरने चहासुद्धा पाजला नाही.

गाण्यांचा धंदा यातून शहाणा झाला. ॲपलने 2009 मध्ये आयट्यून्सवर विकल्या जाणाऱ्या गाण्यांचं कुलूप काढलं, आणि त्यामुळे गाणी विकली जायची थांबली नाहीत. व्हिडिओवाले मात्र अजून कुलूप कवटाळून बसलेत. सरांची बाजू मला कळते. महिनोन्‌महिने शिकवून रेकॉर्ड केलेलं कोणी दोनशे रुपयांत विकलं तर पोटात दुखणारच. मुलीचं नाव पडद्यावर फिरवा, माझी हरकत नाही, फक्त आकड्यांवरून नको. महिन्याच्या पैशावर गाणी ऐकवणाऱ्या ॲपमध्येही डाउनलोड कुलूपबंदच असतं, पण तिथे कोणी फसत नाही, कारण ते भाडं आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. इथे भाड्याचा माल विक्री म्हणून गळ्यात मारतात आणि किंमतही विक्रीचीच घेतात. फसवणूक म्हणते ती ही.

कायदा कोणाच्या बाजूला? कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने कलम 65अ आलं. हक्कभंगाच्या इराद्याने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पैसे घेऊन माल बंद पाडणाऱ्याबद्दल त्या कलमात काही नाही. त्यासाठी 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. कंपनी परगावची असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि अर्ज ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. आधी 1915 या सरकारी ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, तिथेच काही प्रकरणं मिटतात. आमचं मिटलं नाही.

घ्यायचंच असेल तर डीलरला या गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून मागा: लॅपटॉप बिघडला तर नवी की फुकट का, किती वेळा, व्ह्यू कधी मोजला जातो, नेट नसताना चालेल का, आणि कंपनीने ॲप बदललं तर जुन्या ग्राहकाचं काय. तोंडी "होऊन जाईल, ताई" याला आयोगात किंमत नाही. पक्कं जीएसटी बिल घ्या. माहितीपत्रक फेकू नका. आमच्याकडे 'दोन व्ह्यूज, अठरा महिने' छापलेला तो चुरगळलेला कागद होता म्हणून तक्रार उभी राहिली. दुरुस्तीवाल्याचं बिलही जोडलं, त्यावर मदरबोर्ड बदलल्याची तारीख आहे.

नोटीस गेल्यावर डीलरचा फोन आला. "ताई, काहून एवढं ताणून राहिल्या? आपसात मिटवून टाकू ना, नवीन बॅचवर डिस्काउंट देतो." मी म्हटलं, हेच लेखी पाठवा. अजून पाठवलेलं नाही. पुढची तारीख पडली आहे.