जेलिफिन: नॅससाठी उत्तम, पण फोल्डरच्या बाबतीत हट्टी

घरच्या नॅसवरचे (नेटवर्कला जोडलेल्या साठवणयंत्रावरचे) चित्रपट, मालिका आणि गाणी टीव्हीवर किंवा मोबाइलवर आणणारा जेलिफिन हा मोफत, मुक्तस्रोत सर्व्हर २०१८च्या अखेरीस एम्बी या अशाच मीडिया सर्व्हरपासून वेगळा झाला. पोस्टर, कथासार, कलाकारांची यादी हे सगळे तो स्वतः शोधून आणतो. मात्र ते बरोबर येईल की नाही, हे फोल्डरच्या नावावर ठरते.

चित्रपट आणि मालिका यांच्या लायब्ररी (जेलिफिनमधले संग्रह) वेगळ्याच ठेवाव्यात. दोन्ही एकत्र घेणारा मिश्र प्रकार सेटिंगमध्ये दिसतो, पण त्याच्या वाटेला जाऊ नये. त्यात ओळख हमखास चुकते. प्रत्येक चित्रपटाला स्वतंत्र फोल्डर द्यावा आणि फोल्डर व फाइल दोन्हींचे नाव ‘चित्रपटाचे नाव (वर्ष)’ असेच ठेवावे. वर्ष गाळले की त्याच नावाचा भलताच चित्रपट चिकटतो. तरीही घोळ झालाच, तर नावाच्या शेवटी चौकटी कंसात टीएमडीबी किंवा आयएमडीबी या चित्रपटांच्या ऑनलाइन माहितीसंग्रहांतला क्रमांक घालावा.

एकाच चित्रपटाच्या दोन प्रती असतील तर फाइलच्या नावाची सुरुवात फोल्डरच्या नावाशी तंतोतंत जुळायला हवी, वर्ष आणि कंसातल्या क्रमांकासकट. पुढे रिकामी जागा, आडवी रेघ, रिकामी जागा आणि मग ‘१०८०पी’ वगैरे. एखादे अक्षर इकडेतिकडे झाले की एकाच चित्रपटाची दोन पोस्टरे शेजारीशेजारी दिसू लागतात.

मालिकेच्या फोल्डरात ‘सीझन ०१’ असे उपफोल्डर आणि भागाच्या नावात ‘एस०१ई०५’ हवे. हे रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांत लिहायचे. फोल्डरला नुसते ‘एस०१’ चालत नाही. विशेष भाग ‘सीझन ००’मध्ये जातात.

शीर्षके देवनागरीत ठेवणाऱ्यांनी एक हिशेब लक्षात घ्यावा. ईएक्सटी४ आणि बीटीआरएफएस या नॅसवरच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवर (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतींवर) फाइलनावाची मर्यादा २५५ बाइट आहे. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, काना-मात्रा आणि हलन्तही त्यात वेगळे मोजले जातात, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवरच्या एन्क्रिप्टेड शेअर्ड फोल्डरमध्ये तर मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे अवघी ४७ चिन्हे. भागाचे शीर्षकही नावात कोंबले की कॉपी मध्येच अडते. नावात अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्हही नको, विंडोज ते स्वीकारत नाही.

नवीन फाइल टाकूनही दिसत नसेल तर दोष बहुधा जेलिफिनचा नसतो. जेलिफिन दुसऱ्या मशीनवर आणि फाइली एसएमबी किंवा एनएफएस या नेटवर्कवरून फाइली वाटण्याच्या पद्धतींनी जोडलेल्या असतील, तर लिनक्सची बदल कळवणारी आयनोटिफाय यंत्रणा नेटवर्कपलीकडचे बदल पाहू शकत नाही. मग मूळ सेटिंगनुसार १२ तासांनी होणाऱ्या स्कॅनची (लायब्ररीच्या तपासणीची) वाट पाहावी लागते. हा अवधी कमी करता येतो. जेलिफिन नॅसवरच चालवला तर ही अडचण येत नाही. त्याचा डेटाबेस मात्र कधीही नेटवर्क शेअरवर ठेवू नये. तो एसक्यूलाइट या, सगळे एकाच फाइलमध्ये ठेवणाऱ्या प्रकारचा आहे. फाइल लॉकिंगच्या (एकाच वेळी दोघांनी फाइल बदलू नये म्हणून लागणाऱ्या कुलपाच्या) गोंधळात तो बिघडू शकतो.

सर्वांत पटण्यासारखी सोय म्हणजे एनएफओ, म्हणजे चित्रपटाची माहिती साठवणाऱ्या छोट्या मजकूर-फाइली. लायब्ररीच्या सेटिंगमध्ये ती चालू केली की हाताने दुरुस्त केलेली माहिती व्हिडिओशेजारीच साठते. उद्या सर्व्हर नव्याने उभारला तरी ती पुन्हा वाचली जाते. यासाठी जेलिफिनला मीडिया फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी लागते. जेलिफिन डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात) असेल आणि हा फोल्डर केवळ वाचनासाठी जोडला असेल तर एनएफओ तयारच होणार नाहीत.

घरगुती व्हिडिओंना ‘होम व्हिडिओ आणि फोटो’ हा प्रकार द्यावा, नाहीतर मुंजीच्या चित्रीकरणाला कुठल्यातरी परदेशी चित्रपटाचे पोस्टर लागते. एखादा फोल्डर लायब्ररीत नकोच असेल, तर त्यात ‘.इग्नोर’ या नावाची (अर्थात रोमन लिपीत) रिकामी फाइल ठेवली की पुढच्या स्कॅनपासून जेलिफिन तो वगळतो.